पुकारा झाल्यावर : कोर्टातल्या रीतीभातींचा आढावा

कोर्टाबद्दल आपल्याला जे ठाऊक असते, त्यातले निम्मे सिनेमाने शिकवलेले असते. न्यायाधीश लाकडी हातोडा आपटून 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणतात, साक्षीदार लाल कापडातल्या गीतेवर हात ठेवतो आणि वकील पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारत मध्येच टेबलावर मूठ आपटतो. भारतातल्या न्यायाधीशाच्या टेबलावर हातोडा नसतो. गीताही नसते. १९६९च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो, किंवा देव मानत नसेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. त्यासाठी कुठल्याही ग्रंथाला हात लावावा लागत नाही. हिंदूंनी गंगाजलावर आणि मुसलमानांनी कुराणावर शपथ घेण्याची रीत तर कंपनी सरकारनेच १८४० साली कायदा करून मोडीत काढली होती. वकीलही फेऱ्या मारत नाहीत, जागेवर उभे राहून बोलतात. सिनेमाने एक गोष्ट मात्र अगदी खरी सांगितली. 'दामिनी'मधली (१९९३) ती तारखेवर तारीख पडण्याची.

मग खरी रीत कोणती? पंचाईत अशी की ती कुठल्याही एका पुस्तकात लिहिलेली नाही. थोडी दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यांत आहे, थोडी बार कौन्सिलच्या नियमांत, थोडी उच्च न्यायालयाच्या सिव्हिल आणि क्रिमिनल मॅन्युअलमध्ये. बरीचशी नुसत्या वहिवाटीने चालत आलेली आहे आणि उरलेली त्या त्या न्यायाधीशाच्या स्वभावावर आहे. पहिल्यांदा कोर्टात येणारा पक्षकार या सगळ्याला सारखाच घाबरतो. मान किती झुकवायची, हात कुठे ठेवायचे, हाक काय मारायची, याची धास्ती त्याला रात्रभर झोपू देत नाही आणि ज्या चुकीने खरोखर दावा बुडतो ती तो बिनधास्त करून बसतो. कोर्टाचा शिष्टाचार बारकाईने पाहिला तर त्याचा मोठा भाग एकाच गोष्टीभोवती फिरतो, ती म्हणजे नोंद. इथे बोललेले कागदावर उतरते आणि निकाल त्या कागदावरून होतो. जी रीत या नोंदीला मदत करते ती काटेकोर पाळावी. जी करत नाही तिची फार भीती बाळगू नये, कारण ती खुद्द कोर्टेच हळूहळू सैल करू लागली आहेत.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा आहे. न्यायाधीशांना म्हणायचे काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ साली ठराव करून सांगितले की सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांत 'युअर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट' म्हणावे, खालच्या कोर्टांत 'सर' किंवा स्थानिक भाषेतला तसाच शब्द वापरावा. 'माय लॉर्ड' हा गोऱ्या साहेबाच्या राज्याचा अवशेष आहे, असेही त्यात म्हटले होते. ठराव झाला आणि वकिलांच्या तोंडून 'मिलॉर्ड' काही सुटले नाही. 'माय लॉर्ड'वर बंदी घाला म्हणणारी एक याचिका २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा न्या. दत्तू आणि न्या. शरद बोबडे यांच्या पीठाने ती फेटाळली. ही हाक सक्तीची आहे असे आम्ही म्हटलेच कधी, आदराने बोला म्हणजे झाले, असा त्यांचा सूर होता. पुढे २०२१ साली तेच नागपूरकर बोबडे सरन्यायाधीश असताना कायद्याच्या एका विद्यार्थ्याने त्यांना 'युअर ऑनर' म्हटले. त्यावर त्यांनी त्याला हटकले, की ही हाक अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातली आहे, नाहीतर मॅजिस्ट्रेटला मारायची. म्हणजे बार कौन्सिलने सुचवलेला शब्दच नापसंत! राजस्थान उच्च न्यायालयाने २०१९ साली 'माय लॉर्ड' थांबवा अशी विनंती केली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. नरसिंह यांनी तर भर सुनावणीत एका ज्येष्ठ वकिलांना सांगितले, की हे म्हणणे बंद केलेत तर माझा अर्धा पगार तुम्हाला देईन. वरच्या मजल्यावर इतका घोळ असताना तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसाने कशाला काळजी करावी? 'साहेब' म्हणावे. न्यायाधीश बाई असतील तर 'मॅडम' म्हणावे, तिथेही बरेच जण 'साहेब'च म्हणतात आणि चालून जाते. या शब्दापायी कुणाचा दावा बुडालेला नाही.

कपड्यांचेही साधारण तसेच आहे. वकिलांचा पोशाख नियमाने बांधलेला आहे. काळा कोट, पांढरे बँड आणि सर्वोच्च व उच्च न्यायालयांत वरून गाऊन. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत कोट सक्तीचा नाही, आणि मे महिन्यातल्या अकोल्या-चंद्रपुरात तो अंगात घालून युक्तिवाद करणाऱ्याची अवस्था पाहिली की ही सवलत कुणा उदार माणसाने दिली असावी असे वाटते. पक्षकारासाठी असा पोशाखाचा नियम वकिलांच्या कायद्यात नाही. स्वच्छ, साधे, अंगभर कपडे एवढीच वहिवाट आहे. तरी हाच भाग न्यायाधीशाच्या मर्जीवर सगळ्यात जास्त जातो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या मराठी चित्रपटात न्यायाधीश एका बाईचे प्रकरण त्या दिवशी ऐकतच नाहीत, कारण तिने बिनबाह्यांचे कपडे घातले आहेत. प्रेक्षागृहात त्या जागी हशा पिकायचा. हसणाऱ्यांत वकील असतील तर त्यांना तो विनोद वाटला असेल का, याची मला शंका आहे. प्रत्यक्षातही पाटणा उच्च न्यायालयात २०२२ साली एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याला कोट नाही आणि शर्टाचे वरचे बटण उघडे आहे म्हणून भर कोर्टात झापण्यात आले, आणि ती चित्रफीत देशभर फिरली. त्यानंतर जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अधिकाऱ्यांना कोर्टात बोलावण्याबाबत एक कार्यपद्धतीच घालून दिली. अधिकाऱ्याचे दिसणे, कपडे, शिक्षण, सामाजिक स्थान यांवर कोर्टाने टिप्पणी करू नये, कार्यालयाला लागू असलेल्या पोशाखाच्या नियमाचा भंग झाला असेल तरच कपड्यांवर बोलावे, असे त्यात आहे.

डोक्यावरच्या पागोट्याचा एक जुना किस्सा इथे आठवतो. मे १८९३मध्ये डर्बनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने गांधींना पगडी काढायला सांगितली. ते नाही म्हणाले आणि कोर्टाबाहेर पडले. पुढच्याच वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून सनद मिळाली आणि सरन्यायाधीशांनी तेच सांगितले, तेव्हा मात्र गांधींनी पगडी उतरवली. मित्र नाराज झाले. पण ताकद कुठल्या लढाईसाठी राखून ठेवायची याचा हिशेब त्या बॅरिस्टराने केलेला होता.

आता मुद्द्याच्या गोष्टी. पक्षकाराचे खरे नुकसान होते ते पुकाऱ्याला. साडेदहा-अकराला कोर्ट बसते. बाहेर बोर्ड लावलेला असतो, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. तुमचे प्रकरण चौथे असो की चाळिसावे, ते किती वाजता निघेल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. मग पट्टेवाला दारात येऊन नाव पुकारतो. व्हरांड्यात गर्दी, नाव अर्धवट उच्चारलेले, वकील दुसऱ्या कोर्टात आणि तुम्ही समोरच्या टपरीवर चहा पीत. दोनदा, फार तर तीनदा पुकारा होतो आणि रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीत, एक ओळ पडते : 'वारंवार पुकारा करूनही वादी व त्यांचे वकील गैरहजर.' त्या एका ओळीने दिवाणी दावा काढून टाकला जाऊ शकतो. प्रतिवादी नसेल तर दावा एकतर्फी चालतो. चेक न वटल्याच्या प्रकरणात फिर्यादी नसेल तर आरोपी सुटू शकतो, आणि आरोपीच नसेल तर त्याच्या नावे वॉरंट निघते, ते आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र. हे सगळे पुढे दुरुस्त करता येते, पण त्यासाठी अर्ज, सबळ कारण, कधी दंडाची रक्कम आणि पुन्हा नव्या तारखा.

म्हणून कोर्टातला पहिला शिष्टाचार म्हणजे हाकेच्या टापूत असणे. वेळेआधी पोचावे, बोर्डावर आपला नंबर पाहावा, आणि वकील दिसले नाहीत तरी आत जाऊन बसावे. येता येणार नसेल तर गैरहजर राहून नंतर कारण सांगण्यापेक्षा वकिलामार्फत त्याच दिवशी हजेरी माफीचा अर्ज टाकावा. फौजदारी प्रकरणातल्या आरोपीच्या बाबतीत ही एवढी एकच काळजी कोठडी आणि घर यांच्यातले अंतर ठरवते. पुकारा झाला आणि वकील नसतील तर पक्षकाराने गोंधळून मागे सरकू नये, पुढे व्हावे आणि सांगावे, 'साहेब, मी हजर आहे. वकील वरच्या कोर्टात आहेत, थोड्या वेळाने पुकारावे ही विनंती.' रोजनाम्यात 'गैरहजर' आणि 'हजर' यांत जो फरक आहे तो एवढ्या दोन वाक्यांनी पडतो. आता ई-कोर्ट्सच्या अॅपवर प्रकरणाचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि बऱ्याचदा झालेले हुकूमही घरबसल्या दिसतात. तरी कित्येक पक्षकार अजून वकिलाच्या कारकुनाला फोन करूनच तारीख विचारतात. विचारावी जरूर, पण ताडून पाहावी.

न्यायाधीश आत आले की सगळ्यांनी उभे राहायचे, त्यांनी नमस्कार केला की आपण करायचा, आत येताना-बाहेर जाताना मान किंचित लववायची. हे आजूबाजूला पाहूनही जमते. कागद द्यायचा असेल तर थेट डायसवर नेऊन ठेवायचा नसतो, बेंच क्लार्कच्या हातात द्यायचा असतो. हे मात्र आजूबाजूला पाहून कळत नाही आणि इथेच नवखा माणूस हमखास बोलणी खातो. बोलायचे ते न्यायाधीशांकडे पाहून. समोरच्या वकिलाशी थेट वाद घालणे, 'अहो, तुम्ही खोटे बोलताय' असे त्याला सुनावणे, यातून कागदावर काही उतरत नाही, फक्त आपला तोल गेल्याचे सगळ्यांना दिसते. आणि एक माणूस बोलत असताना दुसऱ्याने तोंड उघडायचे नाही. दोघे एकदम बोलले की टंकलेखकाचे हात थांबतात. न्यायाधीश वैतागतात ते बहुधा अपमान झाला म्हणून नव्हे, काम खोळंबले म्हणून.

कुटुंबातली सगळी मंडळी आत नेऊन बसवण्याची हौस हीसुद्धा अंगाशी येते. ज्यांची साक्ष व्हायची आहे त्यांनी दुसऱ्याची साक्ष ऐकू नये, अशी पक्की पद्धत आहे. पुढे काका साक्षीला उभे राहिले की समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, 'तुमच्या पुतण्याची साक्ष झाली तेव्हा तुम्ही इथेच बसला होता, हे खरे आहे का?' काकांचे 'हो' नोंदले गेले की त्यांच्या पुढच्या प्रत्येक वाक्यावर ते सावली टाकते. प्रकरण चालू असताना न्यायाधीशांना घरी किंवा दालनात भेटायला जाणे, ओळखीच्या माणसाकडून निरोप पाठवणे, खासगी पत्र लिहिणे यापेक्षा मोठी आगळीक दुसरी नाही. प्रामाणिक न्यायाधीश असे काही घडले तर ते उघड कोर्टात सांगतात, प्रकरण स्वतःकडून काढूनही टाकतात, आणि मग दोष तुमच्या माथी बसतो. राहता राहिले कोर्टाच्या आवारातले चहापाणी. कागद पुढे सरकवायला हात ओले करावेच लागतात, असे सांगणारे हितचिंतक प्रत्येक व्हरांड्यात भेटतात. ती रीत नाही, लाच आहे, आणि देणाऱ्यालाही कायद्याने गोवते.

साक्षीचा पिंजरा ही या सगळ्यातली सगळ्यात अवघड जागा, म्हणून तिथे जरा थांबायला हवे. कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात साक्ष कशी उतरते ते पाहा. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश ते उत्तर आपल्या मनात जुळवून टंकलेखकाला सांगतात आणि पडद्यावर सलग कथनाच्या रूपात वाक्य उमटते : 'हे म्हणणे खरे आहे की, जमिनीचा सातबारा माझ्या वडिलांच्या नावे होता.' 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' प्रश्न बहुधा जातो, उत्तर राहते. महाराष्ट्रात १९९८च्या अधिसूचनेने खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, त्यामुळे साक्षही मराठीत होते. उच्च न्यायालयात मात्र राज्यघटनेच्या ३४८व्या कलमामुळे इंग्रजी. या पद्धतीतच साक्षीदाराच्या वागण्याचे सगळे नियम दडलेले आहेत.

मान हलवलेली कागदावर येत नाही. 'इथपासून त्या दारापर्यंत' असे हात करून दाखवलेले अंतर येत नाही, त्याचे फूट करून सांगावे लागतात. सगळ्यात घातक असतो तो नकारार्थी प्रश्नाला दिलेला एकशब्दी जबाब. वकील विचारतो, 'त्या रात्री तुम्ही घरी नव्हता, बरोबर?' साक्षीदार म्हणतो, 'नाही.' म्हणजे घरी नव्हता, की 'बरोबर नाही'? मराठीत दोन्ही अर्थ निघतात आणि टाइप होतो त्यातला एक. 'मी त्या रात्री घरी होतो' असे पूर्ण वाक्य बोलणे हा इथे सौजन्याचा नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. विचारलेल्याचेच उत्तर द्यावे. अनेकांना वाटते, संधी मिळालीच आहे तर सगळी हकिगत सांगून टाकावी. उलटतपास घेणारा वकील त्यांना अडवतही नाही, कारण न विचारता बोललेल्या त्या चार वाक्यांत त्याला पुढच्या तासाभराचे प्रश्न सापडतात. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणावे, त्याला कुणी हसत नाही. खिशातून चिठ्ठी काढून वाचू नये. टिपणावरून स्मरण ताजे करायला कायदा परवानगी देतो, पण ती मागावी लागते आणि ते टिपण समोरच्या वकिलाला पाहता येते. उत्तर देण्याआधी स्वतःच्या वकिलाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची खोड तर सोडलीच पाहिजे. समोरचा वकील लगेच उभा राहतो आणि 'साक्षीदार वकिलांकडे पाहून उत्तर देत आहे' अशी नोंद मागतो.

अशी नोंद खरोखर घेता येते. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी महत्त्वाचे वाटेल ते न्यायाधीशाने टिपून ठेवावे, अशी तरतूद दिवाणी आणि फौजदारी दोन्ही प्रक्रियांत आहे. म्हणजे पिंजऱ्यातले तुमचे वागणे अक्षरशः पुराव्याच्या कागदाला चिकटते आणि तुम्हाला कधीही न पाहिलेले वरच्या कोर्टाचे न्यायाधीश ते वाचतात. चिडून 'तुमच्या घरी विचारा' असे उत्तर देणाऱ्याला हे ठाऊक नसते. उलटतपास चिडवण्यासाठीच असतो असे समजून चालावे, पण त्यालाही हद्द आहे. अपमान करण्यासाठी किंवा छळण्यासाठी विचारलेला प्रश्न कोर्टाने रोखलाच पाहिजे, असे जुना पुरावा कायदा सांगत होता, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. अशा वेळी वकिलाशी भांडू नये, न्यायाधीशांकडे पाहून 'साहेब, या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं का?' एवढे विचारावे. साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवली जाते किंवा वाचायला दिली जाते. पाय दुखत असतात, एसटी पकडायची असते, आणि बहुतेक जण न वाचता सही ठोकून मोकळे होतात. चूक दाखवायची ती हीच वेळ. न्यायाधीशांना तुमचे म्हणणे पटले नाही तरी तुम्ही हरकत घेतलीत याची नोंद त्यांना ठेवता येते.

आवाज चढवणे गुन्हा केव्हा ठरते? न्यायिक काम चालू असताना न्यायाधीशाचा मुद्दाम अपमान किंवा व्यत्यय, याला भारतीय न्याय संहितेत सहा महिन्यांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा आहे, आणि असा प्रकार समोर घडला तर खालचे कोर्टही त्याच दिवशी उठण्याआधी त्या माणसाला दंड करू शकते. १९७१च्या न्यायालय अवमान कायद्यातही सहा महिने कैद आणि दोन हजार रुपये दंड ही मर्यादा आहे. ही हत्यारे आहेत खरी, पण न्यायाधीशाने ती न उपसणे हीच बहुधा मोठी गोष्ट ठरते. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाने सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. अमरावतीच्या गवईंनी तिकडे दुर्लक्ष करायला सांगितले आणि समोरच्या वकिलांना युक्तिवाद पुढे चालू ठेवायला लावला. त्या दिवशी कोर्टाची शान राखली गेली ती पुढचे प्रकरण वेळेवर निघाल्यामुळे.

शिष्टाचार म्हणजे मान खाली घालणे नव्हे, याचा दाखला मुंबई उच्च न्यायालयाच्या भिंतीवरच कोरलेला आहे. जुलै १९०८मध्ये टिळकांनी राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडली. एकवीस तासांवर चाललेले ते भाषण कायद्याच्या मुद्द्यांनी भरलेले होते. समोर न्यायासनावर न्या. दावर होते, जे १८९७च्या खटल्यात टिळकांचेच वकील होते. ज्युरीने दोषी ठरवल्यावर काही म्हणायचे आहे का असे विचारले गेले, तेव्हा टिळकांनी मोजक्या वाक्यांत सांगितले की ज्युरीचा निर्णय काहीही असो, मी निर्दोष आहे, आणि या न्यायासनाहून वरची एक शक्ती आहे. एकही अपशब्द नाही, आवाज चढलेला नाही, आणि माघारही नाही. सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याच कोर्टरूमबाहेर त्या शब्दांची शिला बसवली. वाक्य नीट नोंदले गेले होते म्हणून ते कोरता आले.

करोनाने या सगळ्या रीतींची पार तारांबळ उडवली. २०२० साली राजस्थान उच्च न्यायालयात एक वकील पडद्यावर बनियनवर अवतरले आणि जामीन अर्ज पुढे ढकलावा लागला. गुजरात उच्च न्यायालयाने गाडीत बसून धूम्रपान करणाऱ्या एका वकिलाला दहा हजारांचा दंड केला, आणि २०२५ साली त्याच न्यायालयात एक पक्षकार चक्क शौचालयातून सुनावणीला हजर झाला. हसू येते, पण कारण सरळ आहे. खोली घरची असली तरी कॅमेरा चालू झाला की ते कोर्ट असते. आवाज बंद ठेवावा, बोलायची पाळी आली की चालू करावा, मागे टीव्ही नसावा, एवढे केले तरी पुरते. स्वतः चित्रण करणे मात्र सक्त मना आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२२मध्ये घटनापीठांचे प्रक्षेपण सुरूही झाले, पण ते कोर्टाने करायचे असते, खिशातल्या फोनने नव्हे. फोन वाजला तरी जप्त होण्याची वेळ येते.

वकील न लावता स्वतः उभे राहणाऱ्यांची संख्या कौटुंबिक न्यायालयात बरीच दिसते, कारण १९८४च्या कायद्याने तिथे वकील हा हक्क नाही. मुंबई उच्च न्यायालयात स्वतः बाजू मांडायची असेल तर आधी छाननी समितीपुढे जावे लागते आणि कोर्टाची शिस्त पाळीन, आक्षेपार्ह भाषा वापरणार नाही, अशी हमी लिहून द्यावी लागते. पक्षकाराकडून शिष्टाचार लेखी घेतला जातो तो बहुधा इथेच. जीभ टाळ्याला चिकटली तर लाज वाटून घेऊ नये. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात बॅरिस्टर गांधी पहिल्या उलटतपासाला उभे राहिले, त्यांना एकही प्रश्न सुचला नाही, आणि तीस रुपयांची फी परत करून ते निघून गेले. वकील परवडत नसेल तर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले आरोपी अशा अनेकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. १५१०० हा त्याचा दूरध्वनी क्रमांक आहे.

आजवरच्या चर्चेत शिष्टाचार एकाच बाजूकडून मागितला गेला, आणि ही या विषयाची जुनी लंगडी बाजू आहे. न्यायासनावरून होणाऱ्या बोलण्याचे काय? सप्टेंबर २०२४मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या शेऱ्यांची सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी स्वतःहून दखल घेतली, आणि दिलगिरीनंतर ते प्रकरण मिटवले. आरोपीने खटलाभर उभेच राहिले पाहिजे ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच चुकीची ठरवली आणि त्याला बसू द्यावे असे सांगितले. तरी पिंजऱ्यात दिवसभर ताटकळणारे आरोपी आजही दिसतात, कारण खुर्ची मागायची कशी हे त्यांना कुणी सांगितलेले नसते आणि स्वतःहून द्यायचे कुणाला सुचत नाही. लहान मुले आणि अत्याचारपीडित यांच्यासाठी साक्षीच्या स्वतंत्र, आडोसा असलेल्या खोल्या उभारण्याचा आदेश जानेवारी २०२२मध्ये झाला, तोही महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात.

वर उल्लेख केलेल्या २०२४च्या कार्यपद्धतीत एक बारीकसे कलम आहे. सरकारी अधिकाऱ्याने सुनावणीभर उभे राहण्याची गरज नाही, बोलताना किंवा उत्तर देताना उभे राहिले तरी पुरे. शक्य असेल तर त्याला आधी पडद्यावरूनच हजर होऊ द्यावे. हे सचिवांसाठी आहे. वाशिमहून किंवा गडचिरोलीहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या सत्तरीच्या वादीसाठी असा कागद नाही. कुठे बसायचे, पुकारा ऐकू आला नाही तर कुणाला विचारायचे, वकील नसेल तर काय म्हणायचे, साक्ष वाचायला मागता येते का, हे मराठीत एका पानावर छापून समन्साबरोबर पाठवायला कायद्यात दुरुस्ती लागत नाही. उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक त्याला पुरेसे आहे.